दोन घरं राहिली

“नाव सांगा.”

“अनसूया दादू टकले. बाई, माझी दोन घरं राहिली.”

“वय?”

“पन्नाशीच्या मागंपुढं असंल. दोन घरं राहिली हो माझी. तेवढी मागून येते, मग ठेवा कुठं ठेवायचं ते.”

मी लिहायची थांबले आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. पाय अनवाणी, लुगडं स्वच्छ धुतलेलं, कपाळभर भंडारा. हातात वेताची परडी आणि परडीत दोन मुठी ज्वारी, थोडं पीठ. भीक मागणाऱ्या बायकांचे हात मला ओळखता येत होते. हिच्या तळहाताला घट्टे होते, आणि घट्टे हात पसरून पडत नाहीत. ही बाई भिकारीण आहे हे खुळ्यालासुद्धा पटलं नसतं.

तरी मी लिहिलं, ‘भिक्षा मागताना आढळली.’ पोलिसांच्या कागदावर तसंच होतं आणि मी फक्त उतरवून घेत होते. मेट्रन रजेवर होत्या म्हणून त्या मंगळवारी नोंदणीच्या टेबलाशी मी. एरवी माझं काम मागावरचं. मी वत्सला हावळ, कोष्ट्याची पोर, शासकीय महिला भिक्षेकरी गृहात विणकाम शिकवणारी. बावीस वर्षं शिकवलं.

सरकारी नाव पाटीवर. गावाच्या तोंडी तो कंगालखाना. संस्थानच्या काळात मोठा दुष्काळ पडला तेव्हा राजेसाहेबांनी हे दगडी आवार बांधलं. खडी फोडायची, सूत कातायचं आणि दोन भाकरी घ्यायच्या. दरवाजावरच्या शिळेत कोरलंय, ‘काम करील तो खाईल.’ राजे गेले, सरकार आलं, भीक मागणं गुन्हा झाला, आणि आधी पोटासाठी आपल्या पायांनी येणारी माणसं आता पोलिसांच्या गाडीतून यायला लागली. शिळा तीच राहिली. आता त्या आवाराला शंभर वर्षं होताहेत आणि स्मरणिका निघते आहे. संपादकांचं मला पत्र आलंय, ‘आपल्या काळात संस्थेच्या घोंगड्यांना चार ढाली मिळाल्या, त्या देदीप्यमान वाटचालीविषयी लिहा.’ देदीप्यमान म्हणे. चौथी ढाल कुणाच्या हातांनी आली ते लिहिते. छापायचं तर छापा.

तर अनसूयाबाई. देवीचं गाव आमचं. श्रावणात मंत्री यायचे होते म्हणून सकाळीच पोलिसांची गाडी देवळाचा रस्ता झाडून गेली. झाडताना कचरा आणि धान्य कोण निवडतं? पांगळे, म्हाताऱ्या, एक फुगेवाली, आणि दारोदार जोगवा मागणारी ही बाई, सगळे एका गाडीत.

“जोगवा कुणासाठी?” मी विचारलं.

“लेकीसाठी. फुला माझी. तीनदा दिवस गेले आणि तीनदा पोट पडलं. आता पाचवा महिना लागलाय. मी आईला बोलले, तुझ्या गावात येऊन पाच घरी जोगवा मागीन, हे पोर तेवढं पदरात घाल. तीन घरं झाली. चौथ्या घराच्या पायरीवर पाय ठेवला आणि शिपायानं दंड धरला.”

“घरी सांगून आलात?”

“नवसाचा जोगवा सांगून मागत न्हाईत, बाई. कुणाला ठावं न्हाई मी कुठं हाय ते.”

पाच घरं होईपर्यंत पाणीही प्यायचं नाही असं ती बोलली होती. दुपार टळली तरी तिच्या घशाखाली थेंब नव्हता. मी दटावलं, “तुम्हाला काय झालं तर लेकीचं बाळंतपण कोण करणार?” तेव्हा कुठे ती तांब्याभर पाणी प्यायली. सासर रिकामं होतं पोरीचं, सासू नाही, नणंद नाही. जावई साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, हंगाम लागला की घरी नसायचा. आईशिवाय त्या पोरीला कुणी नव्हतं. परडी कोठीखोलीत जमा झाली. ज्वारी सांडू नये म्हणून अनसूयाबाईंनी तिच्यावर आपला रुमाल बांधून दिला.

मॅजिस्ट्रेट दर मंगळवारी आमच्याच आवारात बसत. पुढच्या मंगळवारी तिची पाळी. आदल्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन पढवलं.

“साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, मी देवळात आले होते. भीक मागत नव्हते. बस. जोगव्याचं नाव काढू नका, कायद्याला जोगवा कळत नाही.”

“मागितला आणि मागितला न्हाई म्हणू?”

“एकदाच म्हणायचंय. सुटाल.”

“मग ती तीन घरं पण गेली की, बाई. ज्याच्यासाठी मागितला तेच नाकारायचं, आणि वर आईनं ऐकावं म्हणायचं.” ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू पढवणारीच शुद्धीवर नाही.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “मागत होता का?”

“होय. मागत होते.”

“कुणाकडे?”

“तीन घरी मागितलं. अजून दोन राहिलीत.”

मी कपाळाला हात लावला. पण साहेब माणूस बरा होता. त्यांनी विचारलं, घर आहे का? आहे म्हणाली, दोन खणांचं. आम्ही सणगर, घोंगडी विणणारे. मालक वारले, मी लोकर कातते आणि मागही चालवते. साहेबांनी अधीक्षकांकडे पाहिलं.

“रेडकर, हिच्या लेकीला कार्ड टाका. कुणी ओळख पटवायला आलं की सोडून देऊ. तीन आठवड्यांनी पुन्हा ठेवा.”

“आजच टाकतो, साहेब.”

रेडकर साहेब आमचे अधीक्षक. एका शब्दाने कुणाला वाईट बोलायचे नाहीत. पानसुपारीचंही व्यसन नाही, बायकांच्या ताटात काय पडतं ते रोज स्वतः बघायचे. गेल्या तीन वर्षांत तीन ढाली त्यांनीच आणलेल्या. विभागाच्या सगळ्या संस्थांचं वर्षाला एक प्रदर्शन भरायचं, तिथल्या उत्तम मालाला ढाल. त्या त्यांच्या खुर्चीमागे ओळीने लावलेल्या असायच्या. मला बोलावून त्यांनी छापील कार्ड पुढे सरकवलं. “हावळबाई, तुमचं अक्षर सुबक. पत्ता तुम्हीच घाला.”

मी घातला. सौ. फुलाबाई महादू कारंडे, मुक्काम पोस्ट कासारखिंड. खाली छापील मजकूर होता, ‘आपली नातेवाईक या संस्थेत दाखल असून ओळख पटवून घेऊन जावे.’ रिकाम्या जागेत अनसूयाबाईंचं नाव लिहिलं. बाहेर येऊन तिला सांगितलं, “झालं तुमचं काम. आठ दिवसांत लेक येईल.”

“तिला येऊ देऊ नका. जावयाला धाडा म्हणावं. पोटुशीनं यष्टीचे धक्के नको.”

वाट बघायची तर रिकामं कशाला बसायचं, म्हणून ती मागाच्या शेडमध्ये आली. आमचे घोंगडीचे दोन माग गेल्या प्रदर्शनानंतर पडून होते. विणणारी म्हातारी वारली होती आणि मला सुती काम येतं, लोकरीचं येत नाही, ते कबूल करायला मी लाजत नाही. अनसूयाबाई मागाच्या खड्ड्यात उतरली, दोऱ्या चाचपल्या, म्हणाली, “ताणा कुणी लावला हा? वैऱ्यानं?” सगळ्या बायका हसल्या, मीही हसले, कारण वैरी मीच होते. तीन दिवसांत तिने माग चालता केला. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ केली, कुंच्याने ताण्याला फासली. पहिली घोंगडी उतरली ती अशी की पाणी टाकलं तर घरंगळून जावं.

मला आनंद झाला. दर शनिवारी प्रत्येक बाईच्या कामाचा शेरा लिहून साहेबांकडे द्यायचा असे. मी मन लावून लिहिलं, ‘काम अत्युत्तम. घोंगडी विणण्यात निष्णात. संस्थेस अत्यंत उपयुक्त.’ मला वाटलं, चांगलं लिहिलं तर हिचं भलं होईल.

तीन आठवडे झाले. कुणी आलं नाही.

“कार्डाचं उत्तर?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

“नाही, साहेब. वाट पाहिली,” रेडकर हळहळून म्हणाले.

साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कागदाकडे. तिने कबूल केलेलं होतं आणि घरचं कुणी पुढे येत नव्हतं. वर्षभर ठेवण्याचा हुकूम झाला; तोवरही न्यायला कुणी आलं नाही तर मुदत वाढत जायची. अनसूयाबाईंना वर्ष हा शब्द कळला. बोटांवर महिने मोजत ती बाहेर आली आणि पौषावर थांबली. पौषात फुलाचे दिवस भरत होते.

त्यानंतर दर मंगळवारी ती मला विचारायची, “बाई, कार्डाचं काय कळलं?” आणि मी रेडकर साहेबांना विचारायची. एकदा ते हसून म्हणाले, “हावळबाई, इतकी वर्षं इथे काढून तुम्हाला माणसं कळली नाहीत. म्हातारं माणूस परस्पर गेलं तर कुणाला नको असतं?” आणि मी काय करावं? मी ते वाक्य जसंच्या तसं शेडमध्ये नेलं.

“लोक असेच असतात, अनसूयाबाई. मनाला लावून घेऊ नका.”

तिने मागातून फेकायचा धोटा हातात धरून ठेवला. “माझी फुला तशी न्हाई,” म्हणाली. तेही हळूच.

पंधरा पैशांचं कार्ड मिळायचं तेव्हा. पत्ता मीच लिहिलेला, मला पाठ होता. चौकात पेटी होती, येताजाता दिसायची. कर्मचाऱ्यांनी बायकांच्या घरी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही असा नियम होता, त्या नियमामागे मी बरीच वर्षं लपले. खरं सांगायचं तर नियमाला भ्यायले म्हणून नव्हे, साहेबांचं पटलं म्हणून कार्ड टाकलं नाही. माणसांविषयी वाईट बोललेलं फार लवकर पटतं.

गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. पौषात प्रदर्शन होतं आणि सहा घोंगड्या हव्या होत्या. साहेब दिवसाआड शेडमध्ये येऊन अनसूयाबाईंना “काय आजी, बरं आहे ना?” विचारायचे. तिला सकाळचा जादा चहा सुरू केला होता. ती तो शेजारच्या हिराबाईला द्यायची. हिराबाई चार वर्षांपासून आमच्याकडे, डोळ्यांनी अधू, पण कांड्या भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कांडी म्हणजे ज्यावर सूत गुंडाळतात ती नळी. बाजारची लाकडी नळी महाग, म्हणून आमच्याकडे कचेरीच्या रद्दीतला जाड कागद गुंडाळून, खळीने चिकटवून नळ्या करायचे. हरिबा शिपाई रद्दी आणून टाकायचा. साध्या कागदाची नळी दबते, कार्डाची दबत नाही. मीच कितीदा हरिबाला सांगितलं असेल, “ती कडक कार्डं असतात ना, तीच आण रे. फार छान होतात.”

मार्गशीर्षातला शनिवार. हिराबाईच्या हातून एक रिकामी कांडी खळीच्या बादलीत पडली. अनसूयाबाईंनी हात घालून काढली तोवर खळ सुटून कार्ड उलगडलं होतं. तिने ते लुगड्याला पुसलं, उलटंपालटं केलं आणि माझ्याकडे आणलं.

“बाई, ह्याच्यावर शिक्का न्हाई.”

“कसला शिक्का?”

“पोस्टाचा. मला वाचता येत न्हाई, पण फुलाची कार्डं मी ट्रंकेत ठेवलीत. पोचलेल्या कार्डावर काळा गोल शिक्का असतो. ह्याच्यावर न्हाई. हे कुठंच गेलेलं न्हाई.”

मी कार्ड घेतलं. छापील मजकूर वाचायची गरज नव्हती. ‘आपली नातेवाईक हिराबाई’ एवढं दिसलं, पत्ता तिच्या भावाचा, तारीख चार वर्षांपूर्वीची. हिराबाई माझ्यासमोर बसून त्याच टोपलीतल्या दुसऱ्या नळीवर सूत गुंडाळत होती.

मी शेडचं दार लावून घेतलं. “थांबवा सगळ्या. कांड्या उलगडा,” म्हटलं. कुणाला काही कळेना. भरलेलं सूत सोडायचं म्हणजे आठवड्याचं काम वाया, पण माझा चेहरा बघून सगळ्या कामाला लागल्या. सुताचा ढीग साचत गेला आणि नळ्या उघडत गेल्या. काही साध्या कागदाच्या. काही जुन्या पावत्यांच्या. आणि मध्ये मध्ये कार्ड. मी नावं वाचत गेले, आणि नाव वाचलं की शेडमधली एकेक बाई उभी राहायची. सव्वीस कार्डं निघाली. त्यातल्या चौदा जणी अजून त्याच शेडमध्ये होत्या. चार-चार, सहा-सहा वर्षं त्या आपल्या माणसांची वाट बघत होत्या, आणि माणसांना बोलवायची कार्डं त्यांच्याच हाताखाली फिरत होती.

अनसूयाबाईचं कार्ड सर्वांत शेवटी निघालं. माझं सुबक अक्षर जसंच्या तसं होतं.

ती कार्ड हातात घेऊन म्हणाली, “कितवा महिना बाई?”

“मार्गशीर्ष.”

“तो ठाऊक हाय. फुलाला कितवा?”

“नववा लागेल,” मी म्हटलं.

मी तशीच कचेरीत गेले. माझे हात खळीने चिकट होते, ते मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेवर टेकवले.

“ही कार्डं टपालात का गेली नाहीत?”

रेडकर साहेबांनी कार्ड बघितलं, मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

“हावळबाई, शांत व्हा. ह्या बायकांना बाहेर काय आहे? इथे दोन वेळा जेवण, अंगावर कपडा, आजारपणात औषध. संस्था चालायची तर चार हात लागतात. सगळ्या पांगळ्याच राहिल्या तर माग कोण चालवणार? पांगळ्यांची कार्डं मी वेळच्या वेळी पाठवली, हवं तर तपासा.”

“म्हणजे चांगल्या काम करणाऱ्या निवडून ठेवल्या.”

“मी नाही निवडल्या.” त्यांनी कपाट उघडलं आणि माझ्या शनिवारच्या शेऱ्यांची फाईल समोर ठेवली. पानोपानी माझं अक्षर. ‘उत्तम’, ‘निष्णात’, ‘उपयुक्त’. जिथे ‘उपयुक्त’ लिहिलं होतं तिथे समासात लाल खूण. अनसूयाबाईच्या नावापुढे दोन खुणा. “मला विणकामातलं काय कळतं, बाई? तुमचा शेरा येईपर्यंत मी कार्ड थांबवत असे; कोण ठेवण्यासारखी आहे ते तुम्हीच कळवत होता. मी तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही.”

सव्वीसही जणींचं भलं व्हावं म्हणून मी लिहिलं होतं. तो माणूस हे अगदी नम्रपणे सांगत होता, त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. मला त्याचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं.

“ती रद्दी परत करा,” तो म्हणाला. “सरकारी आहे. विषय इथेच संपवू.”

“विषय मंगळवारी संपेल,” मी म्हटलं आणि निघाले. कार्डं माझ्या खोलीतल्या ट्रंकेत कुलपात घातली. त्याच दुपारी मी चौकात जाऊन पंधरा पैशांचं एक कार्ड घेतलं आणि कासारखिंडला टाकलं. मार्गशीर्षात. श्रावणात टाकायचं ते.

मंगळवारी मॅजिस्ट्रेट बसले. अनसूयाबाई पुढे झाली, ओटीचा पदर सोडला आणि मी ट्रंकेतून काढून दिलेली सव्वीस कार्डं टेबलावर ओतली. सुताचे वळ त्यांच्यावर उमटलेले होते. मी सांगितलं ते साहेबांनी मध्ये न बोलता ऐकलं.

“रेडकर?”

“नजरचूक, साहेब. टपालाची कार्डं रद्दीत मिसळली.”

“सहा वर्षं?”

“नजरचूकच झाली.”

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. कार्डं त्याच दिवशी माणूस पाठवून घरोघर पोचवायचा हुकूम झाला. पुढच्या महिनाभरात चौदापैकी नऊ जणींची माणसं आली. हिराबाईच्या भावाच्या घरून निरोप आला की तो दोन वर्षांपूर्वी गेला, शेवटपर्यंत बहिणीचं नाव घेत होता. रेडकरांच्या चौकशीत ‘कार्यालयीन दुर्लक्ष’ असं निघालं. मला मात्र मेमो मिळाला, सरकारी कागदपत्रं विनापरवाना ताब्यात ठेवल्याबद्दल. तो अजून माझ्याकडे आहे. माझ्या नोकरीतलं तेवढंच एक प्रमाणपत्र मी जपून ठेवलंय.

अनसूयाबाईचा जावई पुढच्या शनिवारी आला. माझंच कार्ड त्याला आधी मिळालं होतं. रापलेला, सरळ माणूस. दरवाजातच उभा राहिला. “मामी, आम्ही चार तालुके पालथे घातले. विहिरी बघितल्या. हितं कोण बघणार? तुम्हाला घर हाय, माग हाय, तुम्ही हितं कशा असाल?”

“फुला?”

त्याने टोपी काढली. “फुला बरी हाय. दवाखान्यातनं घरी आणली.”

पुढचं तोच सांगत गेला. आई हरवल्यापासून पोरगी अन्नाला शिवत नव्हती. हंगाम सुरू झाला, तो ट्रॅक्टरवर. आठव्या महिन्यातच कळा आल्या, घरात कुणी नव्हतं. शेजारणीला कळेपर्यंत दिवस मावळला. मुलगा होता. रडला नाही.

“कधी?”

“पंधरा दिस झाले.”

पंधरा दिवसांपूर्वी पाचवी घोंगडी मागावरून उतरली होती. मी तिच्यावर संस्थेची चिठ्ठी शिवली होती.

सोडल्याचा कागद पुढच्या मंगळवारी, पौष लागता लागता झाला. कोठीखोलीतून परडी काढून दिली. रुमाल सोडला तर श्रावणातली ज्वारी तशीच होती, थोडी किडली होती, एवढंच. मला वाटलं ती जावयाबरोबर तडक यष्टीला जाईल. तिने नळावर पाय धुतले, जावयाने आणलेल्या वहाणा त्याच्याच हातात दिल्या, कपाळाला भंडारा लावला आणि आवारातच डावीकडे वळली. तिथे आमच्या कर्मचाऱ्यांच्या खोल्या. पहिली माझी.

“जोगवा,” ती म्हणाली.

“अनसूयाबाई, आता कशासाठी? पोर तर…”

“पोर गेलं. बोललेलं कुठं गेलंय? फुला अजून तरणी हाय. पुढं कधी आईपुढं पदर पसरायचा तर मागचं अर्धं ठेवून कुठल्या तोंडानं जाऊ?”

“मी द्यायच्या लायकीची नाही. तुम्हाला माझ्या अक्षरानं अडकवलं.”

“घाला बाई. जोगवा मागताना घर बघत्यात, लायकी न्हाई बघत.” मग म्हणाली, “आणि तुम्ही लिवलेलं खोटं न्हवतं. काम माझं चांगलंच हाय.”

मी ओंजळभर ज्वारी घातली. तिने माझ्या कपाळाला भंडारा लावला. तिला राग होता की नाही मला आजवर कळलेलं नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

“चार,” ती म्हणाली आणि पुढे निघाली. मी तिच्यामागून गेले. तिने हरिबाची खोली ओलांडली, मेट्रनची ओलांडली. आवाराच्या टोकाला बाग असलेला बंगला होता. तिथे पायरीपाशी उभी राहून तिने परडी पुढे केली. “जोगवा घाला, माय.”

रेडकरवहिनी बाहेर आल्या. साधी, देवभोळी बाई, तिला कचेरीतलं काही माहीत नसायचं. परडी बघून लगबगीने आत गेली आणि सुपात तांदूळ घेऊन आली. तिच्यामागे साहेब वर्तमानपत्र हातात घेऊन दारात आले आणि तिथेच थबकले.

वहिनींनी वाकून अनसूयाबाईंच्या पायांना हात लावला. “कुठून आलात, आई?”

“हितूनच. मागच्या शेडमधनं. पाच महिने होते.”

“इथे? कशासाठी?”

“जोगवा मागितला म्हणून धरून ठेवलं होतं.”

वहिनी सूप तसंच धरून नवऱ्याकडे वळल्या. “अहो, ह्या काय म्हणताहेत?”

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “काही नाही. नजरचूक झाली होती.”

वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्या अनवाणी पायांकडे. मग सुपातले सगळे तांदूळ परडीत ओतले. काही पायरीवर सांडले. साहेब वाकले नाहीत, वहिनीच वाकल्या आणि एकेक दाणा वेचून परडीत घातला. अनसूयाबाई शेवटचा दाणा येईपर्यंत परडी धरून उभी होती.

“पाच झाली,” ती म्हणाली आणि जावयाकडून वहाणा घेऊन पायांत घातल्या.

प्रदर्शन आठ दिवसांनी होतं. पाचच घोंगड्या गेल्या, सहावी मागावर अर्धी राहिली. तरी ढाल आम्हालाच मिळाली.